पुढे तिचं काय झालं

९ जानेवारी

ताई,

तुझा पत्ता दंतवैद्याकडून मिळाला. हो, तोच. ज्याला तू लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात, सह्यांच्या टेबलापाशी, हातात पेन देऊन उभं ठेवलंस आणि निघून गेलीस. तो मजेत आहे. त्याने पुढच्याच वर्षी लग्न केलं, मुली शाळेत जातात, दवाखानाही आता मोठ्या जागेत आहे. मी दाढ दाखवायला गेलो होतो. त्याचा छोटा आरसा माझ्या तोंडात असताना तो सहज म्हणाला, "तुझ्या बहिणीचं कार्ड येतं दर वर्षी. तुला नाही येत?" तोंड उघडं असल्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.

पत्र कामापुरतं आहे, तेव्हा कामाचंच लिहितो.

मी एक विनोदी कादंबरी लिहिली. तिच्यातली बाई सगळं काही फासा टाकून ठरवते. कुठली चप्पल घालायची, कुठली नोकरी धरायची, आज कुणाशी अबोला धरायचा. शेवटच्या प्रकरणात ती स्वतःच्या लग्नातून बाहेर येते, पायरीवर बसून फासा टाकते, तीन पडतात, आणि ती समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढून जाते. नाव बदललंय. बाकी फारसं काही बदलावं लागलं नाही.

पुस्तक चाललं. लोक भेटायला येतात आणि फाशावर सही मागतात. फाशावर सहीला पुरेशी जागा फक्त एकाच्या बाजूला असते, तीही ठिपका चुकवून. त्यांना वाटतं, मीही तसाच जगतो. मी अजून त्याच ऑफिसात आहे, चौकातला हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा ते ठरवतो, आणि माझे मोजे कपाटात वारांप्रमाणे लावलेले असतात, हे मी त्यांना सांगत नाही.

आता प्रकाशकाला दुसरा भाग हवाय. तो एकच प्रश्न विचारतो, पुढे तिचं काय झालं? मला माहीत नाही. मी बनवून लिहायचा प्रयत्न केला. माझी बाई दुसऱ्या पानावर विम्याचा अर्ज भरायला बसली. तेव्हा तू कुठे राहतेस, काय करतेस, फासा अजून आहे का, एवढं थोडक्यात कळव. जमलं तर विनोदी अंगाने.

अप्पा बरे आहेत.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. "सम पडले तर उत्तर द्यायचं असं ठरवलं होतं, चार पडले," हे पहिलंच वाक्य वाचून बायको म्हणाली, "ही तर अगदी पुस्तकातल्यासारखीच आहे." तिने तुला कधी पाहिलेलं नाही, तिला फक्त पुस्तकातलीच माहीत.

तुझी लाँड्री मला फार उपयोगी पडली. बंदरावरची ती लांबट खोली, बोटींवरून येणाऱ्या चादरींची गाठोडी, फिरता फिरता जागा सोडून पुढे येणारं ते पाचवं मशीन आणि त्याला अडवायला ठेवलेली वीट. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि हिवाळ्यात त्यांत मीठ जातं, हेही घेतलं. पहिलं प्रकरण झालं. एका शहरात पोचल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे हे फाशावर ठरवलंस आणि उजवीकडे लाँड्री निघाली, यावर लोक नक्की हसतील. डावीकडे काय होतं ते लिहिलं नाहीस.

तू एकच प्रश्न विचारलायस, "बरे म्हणजे कसे बरे?"

हृदयातली एक झडप कडक झालीय. दार गंजल्यावर जसं अर्धवटच उघडतं, तसं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. जिना चढणं बंद आहे. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की खुर्चीचा हात धरून थांबतात आणि आपण खिडकीबाहेर बघायला थांबलो आहोत असं दाखवतात. त्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

दिवसभर घरात बसायची सवय नाही, म्हणून त्यांनी माझं पुस्तक काढलं. इतके दिवस ते कपाटात होतं आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता. तू गेल्यापासून या घरात तुझं नाव निघालेलं नाही, हे तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बसचा नंबर चुकलाय."

"कुठल्या बसचा?"

"शेवटच्या. तू सात लिहिलंयस. सात तिथून जातच नाही. ती अकरा होती. मीच बसवली होती ती फेरी."

जन्मभर बस कंपनीची वेळापत्रकं आखलेला माणूस. तू त्यांच्याच वेळापत्रकातल्या बसने गेलीस आणि ती वेळेवर सुटली. या गोष्टीचं त्यांना दुःख जास्त आहे की समाधान, ते मला कळलं नाही. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "पुढे काय होतं हिचं?"

मी लाँड्रीचं प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"कपडे धुते?"

"हो."

"लोकांचे?"

"लोकांचे, अप्पा."

"स्वतःच्या चादरीची घडी कधी घातली नाही," असं म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या प्रकरणासाठी मजकूर हवाय. शक्य तेवढ्या लवकर.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

ताई,

बोटीच्या इंजिनाची कामं करणारा तो माणूस, त्याच्याशी बोलायचं की नाही ते तू फाशावर ठरवलंस, आणि मग कितीतरी वर्षं त्याच्याबरोबर राहिलीस पण फासा परत टाकला नाहीस, हे प्रकरण मी जसंच्या तसं उतरवलं. तो झोपेत इंजिनांना शिव्या देतो इथे अप्पा हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. तो आता कुठे आहे, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही. प्रकरण संपवायला ते लागत नाही.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. झडप बदलता येते. या वयात धोका आहे, तो त्या लपवत नाहीत. बदलली नाही तर धोका नाही, नुसती वाट बघणं आहे, आणि तीही फार लांबची नाही. निर्णय घरच्यांनी घ्यायचा, पण लवकर.

मी कागदावर रेघ मारून दोन बाजू केल्या, तुला माझी सवय माहीत आहे. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. अप्पांपुढे ठेवल्या. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं.

"तुझं काय मत?" त्यांनी विचारलं.

"करून घ्यावं."

"आणि मी मेलो तर?"

"अप्पा, टक्केवारी बघितली तर..."

"टक्क्याने कुणी मरत नाही रे. मेला तर अख्खा मरतो." मग उशीला टेकून म्हणाले, "पुस्तक संपू दे. मग बघू."

मला वाटलं, चेष्टा करतायत. डॉक्टरबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग लिहा ना पटापट." त्यांनी पहिला भाग वाचलाय. त्यांच्या टेबलावर पेपरवेटच्या जागी फासा आहे, तो बघून मला बरं वाटलं नाही.

एका प्रकरणाला मी एरवी दोन महिने घेतो. आधी आराखडा, मग त्याचा आराखडा. आता ते चालणार नाही. आणि आराखडा कसला करणार, पुढचं सगळं तुझ्याकडे आहे, आणि तुझ्याकडे जे आहे ते फाशाकडे आहे. म्हणजे अप्पांचं ऑपरेशन कधी व्हायचं ते एका लाँड्रीच्या काउंटरवर ठरणार, असा याचा अर्थ होतो. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्या कामात एखादी तार तुटली की कुठले कुठले चौक अडतात ते शोधावं लागतं, त्या सवयीने लिहितोय.

या वेळी फासा न टाकता उत्तर पाठवलंस तर बरं होईल.

तुझा धाकटा


१९ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. विषम पडले असतील.

मी वाट पाहिली आणि मग तिसरं प्रकरण स्वतः लिहिलं. माझी बाई एका बोटीच्या कप्तानाला भेटते, तो तिला जहाजावर घेऊन जातो, ती फाशावर दिशा ठरवते, जहाज भलत्याच बंदराला लागतं, तिथे तिचा सत्कार होतो. लिहिताना मला स्वतःला दोनदा हसू आलं. अप्पांना वाचून दाखवलं. सत्कारापर्यंत त्यांनी येऊ दिलं.

"हे तुझं आहे," ते म्हणाले.

"सगळं माझंच आहे, अप्पा. लेखक मी आहे."

"लाँड्री तुझी नव्हती. तू आयुष्यात कधी रुमाल धुतला नाहीस. पेरांच्या भेगांत मीठ जातं हे तुला कुठून कळणार?"

त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले, एकसारखे केले आणि परत दिले.

"पत्ता कुठे मिळाला?"

"दंतवैद्याकडे."

"त्याच्याकडे?" ते बघतच राहिले. "त्या दंतवैद्याकडे होता? इतकी वर्षं? आणि मी दर सहा महिन्यांनी त्याच्या खुर्चीत 'आ' करून बसतोय!"

आणि मग त्यांना हसू फुटलं. ताई, मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही, आई होती तेव्हाही नाही. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसताना श्वास मिळेनासा झाला. ओठांचा रंग बदलला. बायकोने खिडक्या उघडल्या, मी त्यांच्या पाठीला हात लावून उभा राहिलो. मला काय करायचं ते माहीत होतं, तरी मी नुसता हात लावून उभा होतो. गाडी बोलावून दवाखान्यात नेलं, तोंडावर मास्क लावला, संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि घरी सोडलं.

गाडीत माझ्या खांद्याला टेकून म्हणाले, "तिला लिही की..."

मी खिशातून पेन काढलं.

"राहू दे," म्हणाले. "तुला नीट लिहिता येणार नाही."

डॉक्टरबाई म्हणतात, पुढच्या वेळी संध्याकाळी घरी सोडतील असं त्यांना सांगता येत नाही.

मी तुझ्याकडून काही मागत नाही. तू जशी जगतेस तशी जग. फक्त तिसरं प्रकरण मी फाडून टाकलंय आणि अप्पा दुपारी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला सांगतात. पोस्टमन त्याच वेळी येतो.

धाकटा


४ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. जाड पाकीट बघून पोस्टमननेही ते अप्पांच्या हातात दिलं, माझ्या नाही.

"तीनदा टाकला, तीनदा विषम पडले, मग फासा गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेल्या किल्ल्यांच्या डब्यात टाकला आणि लिहायला बसले," असं तू लिहिलंयस. मी त्यावर काही म्हणत नाही. मी ते प्रकरण म्हणून लिहिलं नाही. तुझ्याच अक्षरात, तुझ्याच शब्दांत वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुझा इंजिनवाला गेला, हे मला ठाऊक नव्हतं. बोटीवर काम करताना नाही, बाजारातून बटाटे आणताना, रस्त्यात. पिशवीतले बटाटे उतारावरून घरंगळत दारापर्यंत आले आणि तू आधी ते वेचलेस, असं लिहिलंयस. मी इथे थांबलो. अप्पा म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्याच्यानंतर तू लाँड्री विकायची की ठेवायची हे फाशावर सोपवलंस, फाशाने विक म्हटलं, आणि तू विकली नाहीस. अप्पांनी हे वाक्य परत वाचायला लावलं.

बंदरावरच्या बसथांब्याचं वाचलं तेव्हा ते उठून बसले. "इथली बस पाटीवर लिहिलेल्या वेळेला कधीच येत नाही, आणि दर वेळी मला अप्पांचा राग आठवतो."

"कुठली कंपनी आहे?"

"ते लिहिलेलं नाही."

"परतीची वेळ धरली नसेल त्यांनी. शेवटच्या थांब्यावर गाडी वळायला वेळ लागतो, तो कुणी धरत नाही. मूर्ख लेकाचे." बराच वेळ ते त्या कंपनीवर चिडत होते. श्वास लागेल म्हणून मी थांबवलं, तर मला म्हणाले, "ते पत्र ठेव. तुझं पुस्तक पुरे झालं."

"आणि पुढचं?"

"पुढचं मी तिला विचारीन. मी. तू तारीख घे."

ऑपरेशनची तारीख घेतली. सोळा एप्रिलला सकाळी. यायचं की नाही ते तू ठरव. कसं ठरवायचं, तेही तूच ठरव. वरच्या खोलीत गादी घातलीय, असं बायकोने लिहायला सांगितलंय.

तुझा धाकटा


८ मे

ताई,

तू परत बंदरावर पोचल्याचं अप्पांनी सांगितलं. मशीनं सुरू झाली, वीट जागेवर होती आणि शेजारणीने काउंटर चांगला सांभाळला, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या दिवसाचं तुला जे माहीत नाही ते लिहितो. आदल्या दिवशी ऑफिसात बसून मी आमच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंतचे सगळे चौक जुळवून ठेवले होते. आम्ही निघालो की एकामागून एक हिरवे. हे नियमात बसत नाही, तेव्हा कुणाला सांगू नकोस. पहिले दोन चौक तसेच झाले. अप्पा मागच्या सीटवरून म्हणाले, "आज सगळेच हिरवे?"

"नशीब," मी म्हटलं.

तिसऱ्या चौकाच्या मधोमध एक कपाट पडलं होतं. कुणाचं तरी घर बदलणं चाललं होतं आणि टेम्पोचा दोर सुटला होता. कपाट पाठीवर पडलेलं, दारं सताड उघडी, आणि माझा हिरवा दिवा त्याच्यावर छान पडत होता. दोघं हमाल ते कुठल्या बाजूने धरायचं यावर भांडत होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अप्पांनी पुढे वाकून माझा खांदा दाबला. "बस थोडा वेळ," ते म्हणाले. "पोरगी अकरात बसून जाईल, हे माझ्याही वेळापत्रकात नव्हतं."

म्हणून आम्हाला उशीर झाला. आणि आत आलो तर बाकावर तू, मांडीवर पिशवी घेऊन, आमच्या आधी. तू कशी आलीस, फासा टाकून की न टाकता, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुझे केस पिकलेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी "चहा घेणार का" असं काहीतरी म्हणालो. अप्पा तुझ्याकडे न बघता काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "ही माझी मुलगी आहे. आत येईल." आणि मला म्हणाले, "तू कागद भर."

ऑपरेशन झालं तेव्हा तू होतीसच. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसाचं. मी फळं घेऊन आलो तेव्हा खोलीतून आरडाओरडा ऐकू येत होता आणि नर्स धावत होती. मी दाराशी पोचलो तर अप्पा उशीवरून उठायची परवानगी नसताना उठून तुला झापत होते आणि तू पायाशी उभी राहून हसत होतीस की रडत होतीस ते मला कळलं नाही. मी फळं ठेवली आणि बाहेर गेलो. तूही मला नंतर काही सांगितलं नाहीस.

परवा अप्पांनी सांगितलं. त्यांचं ऐकून लिहितो, चुकलं तर तू सुधार.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी तुला विचारलं म्हणे, "त्या दिवशी खरंच तीन पडले होते?"

तू म्हणालीस, "मी टाकलाच नव्हता, अप्पा."

"फोनवर तर तूच म्हणालीस. तीन पडले, म्हणून जाते."

"मला नको आहे, हे तुम्हाला सांगता येत नव्हतं. सगळं ठरलं होतं. खुर्च्यासुद्धा मोजून झाल्या होत्या तुमच्या. फाशाचं नाव सांगणं सोपं होतं."

"म्हणजे तू गेलीस. तू स्वतः."

"हो. मीच गेले."

अप्पा सांगत होते, त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. तुला वाटलं, त्यांना त्रास होतोय, तू बेलचं बटण हातात घेतलंस. तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझी मुलगी एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी गेली. त्याच्यावर काय चिडणार? कुणाला जाब विचारणार? आता कळलं. तू गेलीस. म्हणजे आता तुझ्यावर चिडता येईल."

"चिडा," तू म्हणालीस.

आणि ते चिडले. मोजलेल्या खुर्च्यांपासून, त्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या बिचाऱ्या दंतवैद्यापासून, इतक्या वर्षांत परत एक फोन करता आला नाही का इथपर्यंत. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, आवाज ऐकूनच कळलं झडप नीट बसलीय.

हे सांगताना अप्पा अतिशय खुशीत होते.

प्रकाशकाला मी सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "फासा टाकलाच नाही? मग पहिल्या भागाचं काय? आणि यात विनोद कुठे आहे?" मी म्हटलं, कपाट आहे. तो म्हणाला, कपाटावर पुस्तक निघत नाही. शेवटच्या प्रकरणात बाईने परत फासा उचलावा, असं त्याचं म्हणणं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि जिना उतरायच्या आतच ठरवलं. पायऱ्यांवरून परत वर गेलो आणि नाही म्हणून आलो. मला वाटतं, आयुष्यात मी आराखडा न करता केलेलं हे पहिलं काम.

तसंही लिहायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. जेवणं झाली की अप्पा तुला फोन लावतात, दार लोटून घेतात, आणि अर्धा-पाऊण तास आतून कधी हसणं, कधी ओरडणं ऐकू येतं. बाहेर आले की मी विचारतो, "काय म्हणते? पुढे काय झालं?"

"तुला काय करायचंय?" ते म्हणतात, आणि स्वतःच्या पायांनी जिना चढून वर जातात.

तुझा धाकटा